हडपसरहून उरुळी कांचन, पाटाच्या रस्त्याने: ऑक्टोबरात जमेल का?

पुढचं_चाक_वर

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त अमरावतीहून हडपसरला आलोय. सेकंडहँड हार्डटेल सायकल (मागे शॉकअप नसलेली) घेतली आहे: 29 इंची चाकं, पुढे 100 मिमीचा फोर्क, केबलवाले डिस्क ब्रेक. वेताळ टेकडी झकास आहे, पण तिथे पोचायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं, निम्मा दम सिग्नललाच जातो. नकाशात बघितलं तर मुठा उजवा कालवा घरामागूनच जातो आणि त्याच्या कडेने एक बारीक करडी रेघ पार उरुळीपर्यंत दिसते. रविवारी पहाटे निघून दहाच्या आत घरी यायचंय, एकटाच असेन. ती रेघ खरंच सायकल चालवण्याजोगी आहे का? की त्यापेक्षा मुळा-मुठेच्या काठाकाठाने थेऊर गाठावं?

सराटे_स्पेशालिस्ट

जमतंय की. आधी टायर ट्यूबलेस करून घे आणि सीलंटमध्ये (टायरमधलं, भोक आपोआप बुजवणारं द्रव) कंजुषी करू नकोस. पावसाळा सरला की कडेला सराटे पसरतात, त्यात वेड्या बाभळीचे काटे. सराटा टोचला तर सीलंट सांभाळून घेतं, बाभळीचा काटा मात्र तिथल्या तिथे उपटू नको, चांगल्या जागी थांबून मग काढ. बाकीचं ताई सांगतीलच.

पाटकऱ्याची_लेक

आले. माझे वडील याच कालव्यावर पाटकरी (शेतांना पाणी सोडणारे) होते, माझं सगळं लहानपण लोणी काळभोरजवळ पाटाच्या कडेला गेलं, आणि सायकल शिकले तीही त्याच भरावावर. त्यामुळे थोडं लांबण लागेल.

तुम्हाला दिसते ती रेघ म्हणजे सर्व्हिस रस्ता. जलसंपदा खात्याची जीप फिरावी म्हणून केलेला. तो सायकल ट्रॅक नाही, आपल्या हक्काचा तर नाहीच. चौकीदाराने हटकलं तर "बरं काका" म्हणायचं आणि वळायचं. व्हिडिओ काढत वाद घालणारे एक-दोन महाभाग होऊन गेले की मग सगळ्यांनाच आडकाठी होते.

आता दिशा नीट समजून घ्या. कालवा उजवा, म्हणजे भिजतं ते कालवा आणि नदी यांच्यामधलं रान, उत्तरेकडचं. रस्ता त्याच बाजूच्या भरावावर. पूर्वेला उरुळीकडे निघालात की उजव्या हाताला पाणी आणि डावीकडे खाली ऊस. दोन चाकोऱ्या असतात, त्यातली उसाकडची धरायची. परत येतानाही तीच. उसात पडलात तर पानांनी हात-पाय चरचरतील, तेवढंच. पाण्यात पडलात तर गोष्ट वेगळी. "छातीभर तर पाणी आहे" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रश्न खोलीचा नसतो. जिथे अस्तरीकरण झालंय, म्हणजे काँक्रीट लावलंय, तिथे कड उतरती, गुळगुळीत आणि वर शेवाळ, त्यात पाण्याला ओढ. पोहणाऱ्या माणसालाही हात घालायला जागा मिळत नाही. म्हणून आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी सोडण्याची पाळी, चालू असताना एकट्याने जाऊ नका आणि कानात इअरफोन नकोच.

आवर्तन कधी, हे कळणं अवघड नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की पेपरात येतं, रब्बीचं किती, उन्हाळ्याचं किती. पाणी सुटलं की रस्त्याचं रूपच पालटतं. पाणी उपसायच्या मोटारी लागतात, आणि भरावावरून आडवे पाइप. काहींवर मुरूम टाकून उंचवटा केलेला असतो, काही तसेच उघडे. पहाटे दव पडलेल्या काळ्या पाइपवरून चाक तिरकं गेलं की सायकल खालून निघून जाते. सरळ काटकोनात घ्या, नाहीतर उतरून उचलून न्या. पाइपला धक्का लागून जोड निखळला तर शेतकऱ्याच्या शिव्या खाव्या लागतील, आणि त्या रास्तच असतील. पाट बंद असतो तेव्हाही सगळं सुखाचं नाही: जेसीबीने काढलेला गाळ रस्त्यावरच टाकलेला सापडतो.

ऑक्टोबराचं म्हणाल तर महिना वाईट नाही. ऊस अजून उभा असतो, कारखाने सुरू होऊन ट्रॉल्या लागायच्या असतात. पण गवत माजलेलं असतं आणि त्याच्याखाली खड्डा आहे की दगड ते दिसत नाही. मुरमाचा पट्टा असेल तिथे मजा आहे. मधूनमधून काळी माती लागते, आणि परतीचा पाऊस आदल्या संध्याकाळी पडून गेला असेल तर घरीच झोपा. ती माती टायर आणि फोर्कच्या मध्ये अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने कोरत बसायचं, आणि चार पावलांवर पुन्हा तेच.

चढ-उताराच्या मोहाने येऊ नका. पाट डोंगराच्या समपातळीने वळसे घेत जातो, उतार इतका कमी की पायाला कळतही नाही. टेकडीवर चढलेलं उतरताना वसूल होतं, इथे मात्र पायडल थांबलं की सायकल थांबली. शिवाय या वळशांमुळे हायवेच्या अंतरावर हिशेब करू नका, पाटाने ते चांगलंच वाढतं. पहिल्या खेपेला लोणीतून परत फिरा. तिथून रामदऱ्याचा फाटा जवळ आहे, दम उरला तर देवळापर्यंत जाऊन या.

नदीकाठचं विसरा. सलग वाट नाहीच. मळ्यांची कुंपणं, ओढे, विहिरी, वेडी बाभूळ. थेऊरला जायचं तर लोणीवरून सरळ डांबरी रस्त्याने जा, चिंतामणीचं दर्शन घ्या, नदी तिथे गावाला वळसा घालते ती बघा.

आणि हो, पाटाच्या पाण्याने तोंड धुऊ नका. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीतून पाणी उपसायची विहीर) शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी उचलून साडेसतरा नळीजवळ कालव्यात सोडतात. ते आलं की वासावरूनच कळतं. वडील याच पाटाचं पाणी ओंजळीने प्यायचे. आता मी त्यात रुमालसुद्धा बुडवत नाही.

धायरीचा_पायडल

ताईंशी बाकी सगळं पटतं, पण कालवा म्हणजे हडपसरच्या खालचाच असं नाही. आम्ही खडकवासल्याकडून येतो. मूळ धरण 1879चं, त्यावर विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे 1903 साली पहिल्यांदा बसले. धरण पाहून निघायचं म्हणजे सकाळ सार्थकी लागते.

पाटकऱ्याची_लेक

धरण बघा, पण तिथून शहरात सायकल आणू नका. 27 सप्टेंबर 2018 ला जनता वसाहतीजवळ भराव फुटला आणि दांडेकर पुलाकडच्या वस्तीत पाणी शिरलं, हे विसरलात? तेव्हा मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर खापर फोडलं. लोक हसले. पण भरावात बिळं असतात हे खरं आहे, आणि चाक जाईल एवढी मोठी असतात. शिवाय तिथला काठ म्हणजे लोकांचं अंगण. दारात बाया भांडी घासतायत, पोरं आंघोळ करतायत, त्यातून हेल्मेट घालून सुसाट जायचं? मला तरी बरं वाटत नाही. कालव्याऐवजी खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा होणार म्हणतात, झाला तर या जागेचं काय करायचं ते तेव्हा बोलू.

धायरीचा_पायडल

सुसाट कोण जातंय? उतरून ढकलतो आम्ही वस्तीतून. पण मुद्दा मान्य.

पुढचं_चाक_वर

सगळ्यांचे आभार. लोणीपर्यंतच जाईन, आणि ऑफिसातल्या एकाला सोबत घेतलंय. दोन शंका: कुत्री? आणि किती वाजता निघू?

पाटकऱ्याची_लेक

उजाडल्यावर निघा, अंधारात नाही. घोणस थंडीच्या सुमाराला ऊन खायला चाकोरीत येऊन पडते आणि वाळल्या पाचटात दिसत नाही. जाताना सूर्य बरोबर डोळ्यांवर येतो, हेल्मेटखाली टोपीची झडप असू द्या. कुत्री वस्तीवरच्या गोठ्यांपाशी असतात. पळायचं नाही, उतरा, सायकल मध्ये धरा, चालत जा. गोठ्यातून कोणी ना कोणी "हाड्" करतंच. त्यांना रामराम घालायला विसरू नका, पुढचा पाट चालू आहे की बंद हे तेच सांगतील.

सराटे_स्पेशालिस्ट

आणि पंप. सीलंट असलं तरी पंप.