ओटीजी, एअर फ्रायर की कन्व्हेक्शन? ओट्यावर जागा एकालाच आहे

ओट्यावरची_बरणी:
मंडळी, मदत हवीये. ज्या दिवशी गणपती बसले त्याच दिवशी आमचा सोलो (नुसतं गरम करणारा) मायक्रोवेव्हही बसला, दुरुस्तीवाला म्हणाला मॅग्नेट्रॉन, म्हणजे गरम करणारा मुख्य भागच गेलाय, यात पैसे घालू नका. आता घ्यायचंच तर एकात सगळं होईल असं काहीतरी घ्यावं म्हणतेय. बजेट १०-१२ हजार. घरात पाच माणसं, सासूबाईंचे उपास म्हणजे आठवड्यातून एकदा साबुदाणा वडे ठरलेले, मुलगी सातवीत तिला केक नि पिझ्झा करायचाय, आणि अहोंना डॉक्टरांनी तळण बंद सांगितलंय. मिक्सर आणि फिल्टर सोडून ओट्यावर जेमतेम दोन फूट जागा उरते. दुकानातला सेल्समन म्हणे मॅडम कन्व्हेक्शनच घ्या, म्हणजे ओव्हनसारखं भाजणारा मायक्रोवेव्ह, ३०० मेनू आहेत. ३००! मला आयुष्यात तेवढे पदार्थ येत नाहीत. वापरणाऱ्यांनी खरं काय ते सांगा.

भाजणी:
माझ्याकडे ९ वर्षं कन्व्हेक्शन होता आणि त्या सगळ्या मेनूंपैकी मी वापरले तीन, गरम करणे, पापड आणि दाणे भाजणे. दाणे मात्र झकास होतात, वाटीभर घ्यायचे, एक मिनिट लावायचं, हलवायचे, परत एक मिनिट, असं तीन-चार वेळा, फक्त गरम असताना ते मऊच लागतात म्हणून अजून ठेवले की आतून जळतात आणि कूट कडू होतं, हे मी दोनदा करून बसलेय. केकही होतो, पण खालची ताटली गोल फिरते, त्यामुळे चौकोनी ट्रे कडेला अडकतो, आणि केक आत असताना कोणाला दूध गरम करून हवं असेल तर बसा वाट बघत.
आता ओटीजी आहे, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, विजेवरची छोटी भट्टी. नानकटाई १६० डिग्रीला १८-२० मिनिटं, केक १८० ला ३५-४०, आधी दहा मिनिटं तापवून. २८ लिटरच्या आसपासचा घ्या, ९ इंची टिन आरामात बसतो. बाहेरून मात्र भयंकर तापतो, भिंतीला चिकटवून ठेवू नका. आणि तो चावीचा टायमर लाइट गेली तरी टिकटिक करत पुढे जातो, मग घंटी वाजते आणि केक आत कच्चाच!

तिखटमीठ:
तुमच्याकडे तळण बंद आहे तर एअर फ्रायरचा विचार करा. नाव मोठं, पण आहे तो छोटा ओव्हन आणि वर जोरदार पंखा. अळूवडी, कोथिंबीर वडी एक नंबर, कारण त्या आधीच उकडलेल्या असतात, कापायच्या, तेलाचं बोट फिरवायचं, १८० ला १२-१५ मिनिटं. साबुदाणा वडे १९० ला १८-२० मिनिटं, मध्ये एकदा उलटून. होतात, पण वडा आणि थालीपीठ यांच्या मधलं काहीतरी होतं. आमच्या सासूबाईंनी पहिला घाणा संपवला आणि विचारलं, "छान आहे गं, पण वडे कधी करणार?"
बटाटेवड्यांच्या वाटेला जाऊ नका. पीठ जाळीतून गळलं आणि खाली त्याचा पोळा तयार झाला, वर नुसती भाजी. पाच माणसांना ४ लिटरची टोपली म्हणजे तीन घाणे, शेवटच्याच्या पानात येईपर्यंत पहिल्याचं जेवण झालेलं.

जर्सीची_मावशी:
इकडे अमेरिकेत आम्ही थंडीत दही लावायला आणि वरणभात एकदम करायला इन्स्टंट पॉटवर, म्हणजे विजेच्या प्रेशर कुकरवर जगतो, पण त्यात कुरकुरीत काही होत नाही आणि तुमच्याकडे शिट्टीचा कुकर असणारच. एकच सांगते, इकडून कोणी आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. इकडची वीज १२० व्होल्ट, तिकडची २३०. माझ्या भावाने हौसेने नेला, नुसती पिन बदलून लावला, फट् झालं आणि आता त्याच्या आतल्या भांड्यात कणीक मळतात.

फ्यूज:
सगळे रेसिपी सांगताय, पॉइंट कोण बघणार? साधं गणित आहे, वॅट भागिले २३०. १५०० वॅटचा एअर फ्रायर म्हणजे साडेसहा अँपियर, २००० वॅटचा ओटीजी पावणेनऊ. ओट्यावर मिक्सरला असतो तो छोटा पॉइंट ६ अँपियरचा. जाड पिनेचा १६ वाला लागतो, मागे वायरही तशीच हवी. आम्ही कन्व्हर्टर प्लग (जाड पिन छोट्या पॉइंटला बसवणारा) लावून तीन आठवडे चालवलं, मग एक दिवस मासे जळाल्यासारखा वास, घरात शाकाहारी स्वयंपाक. काढून बघतो तर प्लग सॉकेटला चिकटलेला.

ओट्यावरची_बरणी:
अगंबाई, आमचा मायक्रोवेव्ह इतकी वर्षं कन्व्हर्टरवरच चालला!

फ्यूज:
सोलो साधारण ११००-१२०० वॅट ओढतो म्हणून निभावलं. ओटीजी ४० मिनिटं चालणार, तो नाही निभावून घेणार.

भाजणी:
ताई, पंखावाला ओटीजी बघा. अळूवड्या, कोथिंबीर वड्या त्यात पण होतात, आठ-दहा मिनिटं जास्त लागतात, पण पाच जणांच्या एकदम. उरलंसुरलं गरम करायला गॅस आहेच. रोज डबे गरम करायचे असते तर मी ओटीजी सांगितला नसता.

ओट्यावरची_बरणी:
पटलं. पंखावालाच घेते, २८ लिटरचा. सासूबाईंच्या वड्यांना कढई चालू राहील, त्यांना कुठे डॉक्टरांनी काही सांगितलंय. ओटा टेपने मोजला, पोळपाट भिंतीला टांगला तर मागे-बाजूला हवा खेळायला जागा राहते. जाड पिनेच्या पॉइंटसाठी वायरमन रविवारी येतो म्हणालाय, म्हणजे गुरुवारी येईल.