अहिराणी गाणं फंकमध्ये केलंय, हळदीत वाजलं पण कोणी नाचलंच नाही, काय चुकतंय?

अमळनेरची_गायिका :
नमस्कार मंडळी. मी अमळनेरची, दिवसा शिकवण्या घेते आणि रात्री गाणी करते. स्वतःची गाणी, लेबल वगैरे काही नाही. मागच्या खोलीत भिंतीला गाद्या उभ्या लावल्यात, एक कंडेन्सर माइक, सेकंडहँड ऑडिओ इंटरफेस आणि भावाचा जुना लॅपटॉप. उन्हाळ्यात रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवावा लागतो नाहीतर घरघर येते, एक टेक झाला की ओढणी पिळून घ्यावी इतका घाम, तरी ते दोन महिने मी किती आनंदात होते काय सांगू.

गाणं आखाजीचं, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्यतृतीयेचं आहे. माहेरी आलेली पोर झोक्यावर बसलीय, उद्या तिला परत जायचंय, एवढंच. ध्रुवपद असं : "आखाजीना झोका गया वं आभायले" (आखाजीचा झोका गेला गं आभाळाला). शब्द माझे, चाल माझी. मला सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं चर्चच्या गायकीतून आलेलं संगीत, फार आवडतं, तो पोटातून येणारा आवाज, आणि फंकची, म्हणजे त्यातूनच निघालेल्या नाचाच्या संगीताची, बास सुरू झाली की माझे पाय थांबत नाहीत, म्हणून ठरवलं की हे अहिराणीतच करायचं. १२४ बीपीएम (मिनिटाला ठोके), स्लॅप बास, रिदम गिटार, सिंथ, ब्रासचे सॅम्पल, टाळ्या, सगळं घातलं.

आता मुद्दा. पाचोऱ्याला मामेबहिणीची हळद होती, डीजेवाल्याला सांगून गाणं लावलं. सगळे उभे राहून ऐकत राहिले. दोन लहान पोरं थोडी उड्या मारली आणि बसली. मावशीने जवळ घेतलं, म्हणाली, काय गोड गायलं माय, डोळ्यात पाणी आलं. पण मावशी नाचली नाही आणि माझी मावशी म्हणजे मांडवात सगळ्यात आधी पदर खोचणारी बाई आहे. माझं गाणं संपलं, पुढचं नेहमीचं बँजोचं लागलं आणि अर्ध्या मिनिटात अख्खा मांडव नाचायला लागला.

मला खरंच शिकायचंय. बीट चुकलाय का, मिक्स चुकलंय, की अहिराणी आणि फंक जुळतच नाही? नाशिकच्या एका स्टुडिओत मला सांगितलं की हिंदीत कर, यात कोणाला रस नाही. हिंदीत मी करणार नाही, बाकी काहीही बदलायला तयार आहे. लिंक खाली दिलीय.

बासवाला_भुसावळ :
पोरी, गाणं तीनदा ऐकलं. मी चाळीस वर्षं बास वाजवतोय, नोकरी रेल्वेत केली आणि शनिवारी रात्री कॉलनीतल्या डान्सला वाजवायचो, म्हणजे लोक केव्हा उठतात आणि केव्हा बसतात ते स्टेजवरून बघण्यात आयुष्य गेलंय.

आधी आवाजाचं सांगतो. "आभायले"च्या शेवटी आवाज जरासा फाटतो ना, तो तसाच राहू दे, ट्यूनिंग सॉफ्टवेअर लावून कोणी गुळगुळीत करायला सांगितलं तर हात जोडून नाही म्हण.

आता नाच का नाही आला. तुझ्या गाण्यात सम सापडत नाही. अमेरिकेतल्या जेम्स ब्राऊन या गायकाने १९६५ च्या आसपास जे बदललं ते हेच होतं बघ. त्याच्या आधी तिकडच्या नाचाच्या गाण्यांत जोर दोन आणि चारवर, टाळी तिथे पडायची. त्याने बँडला सांगितलं की पहिल्या मात्रेवर सगळे मिळून या, मग मधल्या मात्रांत ज्याला जे करायचं ते करा, पण परत पहिलीवर भेटायचं. ते लोक त्याला "द वन" म्हणतात, आपल्याकडे शब्द आधीपासून आहे, सम. त्याचा बँड या बाबतीत इतका कडक होता की वादक चुकला की दंड कापायचा.

तुझी बास आवर्तनातली सोळाच्या सोळा घरं भरते. स्लॅप, परत स्लॅप, मधे पुल, कुठे श्वासच नाही. स्लॅप कुठून आलं माहितीये का? लॅरी ग्रॅहम हा अमेरिकन बासवादक तरुणपणी आईच्या बँडमध्ये वाजवायचा, ड्रमर राहिला नाही, म्हणून अंगठ्याने तार ठोकून ढोलाचं काम करायचा आणि बोटाने तार ओढून स्नेअरचं, म्हणजे छोट्या कडक ड्रमचं. म्हणजे ड्रम नव्हता म्हणून ते आलं. तुझ्याकडे तर ड्रमही आहे आणि टाळ्याही. समेवर एक ठाम सूर टाक, मग गप्प बस, मग तिसऱ्या मात्रेच्या मागून दोन छोटे सूर घेऊन परत समेवर ये. गप्प बसतेस तिथेच माणसाची कंबर हलते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं शब्दांचं. तू "आखाजीना" समेवर सुरू करतेस, त्यामुळे "झोका" मधेच लटकतो. "आखाजीना" समेच्या आधी म्हणून घे आणि "झो" बरोबर समेवर पाड. झोका वरून खाली येताना पोटात जो खड्डा पडतो तो तिथे पडला पाहिजे. आत्ता घरात म्हणून बघ, मांडीवर हात मारत.

ऑक्टोपॅड_धुळे :
काकांचं पटलं पण माझ्या मते अर्धंच झालं. मी धुळ्याला बँड पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो, सीझनला एक दिवस सुटी नसते. ताई, तू हळदीतल्या बायांचे पाय बघितले असशीलच, पाय पुढे पडतो पण खांदा किंचित मागून येतो. ते मागून येणं ठेक्यात पाहिजे भो, नाहीतर अंगाला कळत नाही काय करायचं. तुझे हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) सगळे क्वांटाइझ केलेले, म्हणजे कॉम्प्युटरने पट्टीने आखल्यासारखे बसवलेले. आपला लग्नातला केरवा सरळ चालतच नाही, तो झुलतो, जोडीतला दुसरा ठोका जरा उशिरा येतो. स्विंग (तो उशीर ठरवणारी सेटिंग) ५८ टक्क्यांच्या आसपास ठेवून बघ, आणि त्याहून बरं म्हणजे क्वांटाइझ काढून टाक आणि कोणाकडून तरी हाताने वाजवून घे.

दुसरं, हलके ठोके. ढोलकीवर आपण बोट नुसतं टेकवतो, आवाज येतो न येतो, पण ते काढलं की ठेका मेला. फंकच्या ड्रमरचं पण तेच, स्नेअरवर मोठ्या ठोक्यांच्या मधे बारीक बारीक ठोके. जेम्स ब्राऊनचा ड्रमर होता क्लाइड स्टबलफील्ड, त्याचा १९७० च्या एका रेकॉर्डमधला काही सेकंदांचा तुकडा नंतर हिपहॉपवाल्यांनी शेकडो गाण्यांत कापून लावला. त्या माणसाच्या हाती पैसे फारसे आले नाहीत, म्हणून सांगतो, ज्याच्याकडून वाजवून घेशील त्याचं नाव आणि हिशोब आधी ठरव.

आणि १२४ फार पळतंय. तेवढा स्पीड क्लबमधल्या हाउस म्युझिकला ठीक आहे. हळदीत आम्ही सुरुवातीला १०० ते १०८ धरतो, बाया साडीत असतात, मांडीवर लेकरू असतं, अंग तापलं की मग हळूहळू वाढवायचं. तुझं गाणं १०६ ला खाली आणून ऐकलं मी, मला तर तिथेच झोका दिसला.

शहाद्याचा_साउंडवाला :
ठेक्यातलं मला कळत नाही पण एक विचारतो, डीजेला गाणं कसं दिलं होतं? व्हॉट्सॲपवर फोटो लावून व्हिडिओ करून पाठवलं असेल तर आवाज तिथेच अर्धा मेला. वेव्ह फाइल पेनड्राइव्हमध्ये द्यायची.

लिंकवरून फाइल घेऊन माझ्या सेटवर लावली. बासवर तू स्टिरिओ वाइडनर (आवाज डावी-उजवीकडे पसरवणारा इफेक्ट) टाकलायस का? हेडफोनमध्ये मस्त पसरलेली वाटते पण मांडवातले बरेच सेट मोनो चालतात, डावं-उजवं एकत्र झालं की तुझी बास एकमेकीला कापते आणि गायब होते. म्हणजे पाचोऱ्याला लोकांनी बास ऐकलीच नसेल, नुसता आवाज आणि टाळ्या ऐकल्या असतील, नाचणार कशावर! बास मोनो कर, वाइडनर काढ. मग किक (ड्रमसेटमधला मोठा ड्रम) आणि बास एकाच जागेत भांडतायत ते सोडव. बासची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झची, किकही खालीच, दोघांपैकी एकाला थोडं वर सरकव, किंवा किक पडली की बास क्षणभर दबेल असं साइडचेन लाव. सिंथचा डावा हात, म्हणजे खालचे सूर, १५० हर्ट्झच्या खाली कापून टाक, तिथे त्याचं काही काम नाही.

फोनवर मिक्स तपासू नकोस. फोनच्या स्पीकरला तेवढं खालचं वाजवताच येत नाही, मग आपण बास वाढवत जातो आणि मोठ्या सेटवर नुसता गोंगाट होतो.

नंदुरबारकर :
त्या हिंदीवाल्या सल्ल्याबद्दल. चरणजित सिंग नावाचा मुंबईतला वादक होता, सिनेमाच्या गाण्यांत बास गिटार वाजवायचा. १९८२ मध्ये त्याने दहा राग घेऊन डिस्को बीटवर, रोलँडच्या सिंथ आणि ड्रम मशीनवर एक रेकॉर्ड केली, एकट्याने. त्यावेळी कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या डीजेंनी डोक्यावर घेतली. अहिराणी सोडू नकोस एवढंच सांगायचं होतं.

कानबाईची_लेक :
मी शिरपूरची, वय तुझ्या मावशीएवढं असेल, म्हणून तिच्या बाजूने सांगते. मावशी नाचली नाही कारण गाण्यात तिला जागा नव्हती. तू एकटीच म्हणतेस. ते इतकं मनापासून म्हणतेस की माणूस थांबून ऐकतो, आणि मनापासून ऐकणारा माणूस नाचत नाही गं.

तुझं सोल कुठून आलं ते बघ ना. अरेथा फ्रँकलिन डेट्रॉइटला वडिलांच्या चर्चमध्ये गायला लागली, तिथे एक जण ओळ टाकतो आणि सगळे मिळून परत देतात. आपल्या खान्देशात श्रावणात कानबाई देवी बसते, त्या रात्री दुसरं काय होतं? चौरंगावर कानबाई, समया लावलेल्या, एक म्हातारी भिंतीला टेकून ओळ म्हणते आणि बाकी सगळ्या झील धरतात. निम्म्या जणींना शब्द येत नाहीत, शेवटचा शब्द तेवढा येतो, तेवढ्यावर रात्र निघते.

तुझ्या गाण्यात "गया वं" नंतर ब्रासचं सॅम्पल वाजतं, पँ पँ. ते काढ. तिथे आठ-दहा बायांना "आभायले" म्हणू दे. स्टुडिओ नको, शेजारच्या बायांना घरी बोलव, चहा कर, मधे माइक ठेव. एखादी बेसूर असली तरी चालेल, ती असलीच पाहिजे.

अमळनेरची_गायिका :
मी सगळं वहीत उतरवून घेतलं. काका, "झो" समेवर पाडून म्हटलं आणि अंगावर काटा आला, हे मला चार महिने कसं दिसलं नाही! साउंडवाले दादा, हो, वाइडनर होता, आणि व्हिडिओच पाठवला होता. काकू, तुमचं वाचून मी रडले.

एक विचारायचं राहिलं, पुढच्या गाण्यात बहिणाबाईंच्या ओळी घ्यायच्या मनात आहे, परवानगी लागते का?

नंदुरबारकर :
बहिणाबाई १९५१ ला गेल्या आणि कविता पुस्तकरूपाने १९५२ ला आल्या. लेखकाच्या मागे छापलेल्या लिखाणाचा हक्क आपल्या कायद्यात छापल्यापासून ६० वर्षं धरतात, म्हणजे २०१२ संपलं तेव्हा तो संपला. शब्द घे, पण दुसऱ्याने लावलेली चाल किंवा कोणाचं रेकॉर्डिंग घेऊ नकोस, त्याचे हक्क वेगळे असतात. आणि तुझी स्वतःची गाणी आयपीआरएसमध्ये (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंदव, गीतकार आणि संगीतकार दोन्ही तूच आहेस तर दोन्हीकडे तुझंच नाव लाव.

अमळनेरची_गायिका :
खूप दिवसांनी लिहिते, श्रावण लागला मधे. काका भुसावळहून दोनदा बास घेऊन आले, पॅसेंजरने, आणि पूर्ण गाण्यात जेमतेम सात सूर वाजवले. ते सात सूर मी रोज ऐकते. झील आमच्या गल्लीतल्या अकरा जणींनी धरली, स्वयंपाकघरात, एकीच्या बांगड्या वाजल्यात त्या तशाच ठेवल्या कारण त्या बरोबर दोन आणि चारवर वाजतात. स्पीड १०६.

कानबाईच्या विसर्जनाला ट्रॅक्टरवरच्या स्पीकरवर लावलं. पहिल्या कडव्याला काही नाही. दुसऱ्यांदा "गया वं" आलं तेव्हा मागून कोणीतरी "आभायले" म्हटलं, मग चार जणी, मग रस्ताभर. मावशी पाचोऱ्याहून आलेली होती. तिने चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि पुढे गेली.

पोरांना अजून हळू वाटतं, ते म्हणतात शेवटी उचल पाहिजे. ऑक्टोपॅडवाले दादा, शेवटची सोळा आवर्तनं तुमच्या हाताने हवीत, मशीन नको. बिदागी किती ते मेसेजमध्ये सांगा, नाव आधी लिहीन. सीझन सुरू व्हायच्या आत जमेल का?

ऑक्टोपॅड_धुळे :
जमेल. तुळशीच्या लग्नानंतर मला श्वास घ्यायला वेळ नसतो, त्याआधी कर. ऑक्टोपॅड नाही आणत, ढोलकी आणतो. आणि त्या अकरा जणींना परत बोलव, त्यांच्यासमोर वाजवायचंय मला.