सुईदोऱ्याची चंची: घडी घातली की अस्तर फुगतं

मांजरपाट_नागपूर: पानसुपारीच्या चंचीच्या धर्तीवर सुईदोऱ्यासाठी तीन भागांची चंची शिवली. बाहेर खण, आत मांजरपाट, मध्ये बक्रम (ताठपणासाठीचं कडक कापड). अंथरली की झकास, घडी घातली की अस्तराला वळ्या पडतात आणि वरचा भाग नीट मिटत नाही. शिवाय पावसाळ्यात सुयांवर तांबूस ठिपके येतात. मापं कशी घ्यावीत?

उलटी_टीप: आधी बक्रम काढा. घडीवर तो मोडतो आणि खणावर रेघ उमटते. त्याऐवजी धुतलेल्या जुन्या सुती साडीचे दोन थर पुरतात.

वळ्यांचं कारण जाडी. घडीत बाहेरच्या कापडाला मोठा फेरा पडतो, आतल्याला लहान. थरांची जाडी 2 मिमी धरली तर एका घडीमागे सुमारे 6 मिमी फरक, म्हणजे दोन घड्यांना सव्वा सेंमी. अस्तर तेवढं आखूड हवं. बाहेरचं कापड 16 × 41.5 सेंमी घ्या: आतला भाग 12, घडीला 1.5, मधला 13, घडीला 2, वरचा 13. दुसऱ्या घडीत पहिलीही येते, म्हणून तिथे जागा जास्त. कडेला उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावणार असाल तर शिलाईसाठी वेगळं कापड सोडायला नको.

खिसे अस्तरावर आधीच शिवून घ्या. मग कात्री, रिळं सगळं भरून चंची मिटा, टाचण्या लावा आणि त्याच अवस्थेत कडा धावदोऱ्याने कच्च्या धरा. सपाट टेबलावर मापून ही कधीच बसत नाही. मांजरपाट कापण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल. खणाचे दोरे भराभर सुटतात, कापल्या कापल्या कडेला झिगझॅग मारा.

कुरुंद: ठिपक्यांचं मूळ बहुतेक वेळा हाताचा घाम आणि कोऱ्या कापडातली खळ, ती ओल धरते. सुया टोचायचं पान खळ गेलेल्या लोकरी कापडाचं करा, जुन्या शालीचा तुकडा चालेल. सुई आडवी, दोनदा आत-बाहेर काढून खोवा. वापरून झाल्यावर पुसायची. मशीनचं तेल नको, पुढच्या कापडावर डाग पडतो. ठिपके आलेच तर कुरुंदाची (घासायच्या कठीण दगडाची) पूड भरलेल्या लहान उशीत सुई चारपाच वेळा टोचा. भोकाशी गंजलेली मात्र टाकून द्या, दोरा कापत राहते.

अंगुस्तान: वरच्या मापांत भर. रिळाचा खिसा सपाट शिवू नका. 3.5 सेंमी जागेवर 6.5 सेंमी कापड घेऊन दोन्ही कडांना चुणी घाला. खिशाचं तोंड घडीच्या 2 सेंमी खाली थांबवा, नाहीतर रीळ घडीत घुसतं आणि पुन्हा तीच फुगवटी. कात्री मधल्या भागात, टोक खाली, तळाला चामड्याचा तुकडा. चंची बांधायला इलॅस्टिक नकोच, नागपूरच्या मे महिन्यात दोन उन्हाळ्यांत ढिलं पडतं. चपटी सुती नाडी, 90 सेंमी: दोन वेढे आणि गाठ.

मांजरपाट_नागपूर: नाडी कुठे शिवायची? आणि उरेब पट्टी कोपऱ्यात गोळा होते.

उलटी_टीप: नाडी वरच्या भागाच्या कडेला मधोमध, पट्टीच्या आत दाबून, तिथे टीप दोनदा. कोपरे वाटीच्या कडेने गोल कापा, पट्टी 4 सेंमी रुंद घ्या आणि वळणावर ओढू नका, उलट किंचित सैल सोडा.