मदत हवी आहे : व्हिला रोतोंदाच्या घुमटाविषयी

नमस्कार. इटलीतील विचेंझा शहरालगतच्या टेकडीवर वास्तुविशारद आंद्रेआ पालादिओने रचलेल्या व्हिला रोतोंदा या शहराबाहेरील प्रशस्त घराची पुठ्ठ्याची प्रतिकृती मी करीत आहे आणि घुमटापाशी काम अडले आहे.

पोपच्या दरबारातून निवृत्त झालेल्या पाओलो आल्मेरिको यांच्यासाठी 1560 च्या दशकात ही वास्तू सुरू झाली. मध्यभागी गोल दालन, चारही बाजूंना प्रत्येकी सहा आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेल्या) स्तंभांचा एकसारखा द्वारमंडप आणि त्यापुढे रुंद पायऱ्या, अशी तिची रचना आहे. शिवाय संपूर्ण आराखडा मुख्य दिशांपासून सुमारे 45 अंशांनी वळवलेला असल्याने एकही बाजू कायमची सावलीत राहत नाही. (स्वतः पालादिओने वास्तुकलेवरील आपल्या 1570 च्या ग्रंथात हिची गणना शहरी घरांमध्ये केली आहे, हे मला फार गमतीचे वाटते.)

अडचण अशी, की त्या ग्रंथातील रेखाचित्रात घुमट उंच व अर्धगोल आहे, तर 1580 मध्ये पालादिओ वारल्यानंतर वास्तुविशारद विंचेंझो स्कामोझ्झीने काम पुढे नेले तेव्हा तो बसका झाला. प्रत्यक्षातील रूपच दाखवावे, असा माझा कल आहे. परंतु छायाचित्रांवरून घुमटाची उंची नेमकी काढता येत नाही. प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेला उभा छेद (इमारत वरून खाली कापल्यासारखी दाखवणारे रेखाचित्र) कोठे पाहायला मिळेल? वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांनी, तसेच तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. घुमटाच्या बाहेरील टप्प्यांची संख्या कळली तरी काम पुढे सरकेल.