खोकल्यासरशी लघवी सुटणे : शस्त्रक्रियेआधी दाबाची तपासणी हवीच का?

खोकल्यासरशी लघवी सुटते म्हणून शस्त्रक्रिया करायची, तर त्यापूर्वी मूत्राशयाच्या दाबाची तपासणी प्रत्येकीने करावीच का, असा प्रश्न आहे. इथे बडोद्यात माझ्या जाऊबाईंची ती झाली. बारीक नळीतून मूत्राशय हळूहळू भरत नेतात आणि मध्येच खोकायला लावतात, त्यात वेदनेपेक्षा संकोचच अधिक, असे त्या म्हणाल्या. मात्र २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, ६३० स्त्रियांवरील अमेरिकी अभ्यासात, ज्यांची लघवी प्रामुख्याने खोकताना-शिंकताना सुटते आणि अन्य गुंतागुंत नाही, अशा स्त्रियांपैकी ही तपासणी केलेल्या व न केलेल्या दोन्ही गटांत वर्षभराने सुमारे ७७ टक्के जणींना गुण आला होता. अर्थात खोकून पाहणे, लघवीची तपासणी वगैरे साध्या गोष्टी कुणाच्याच वगळल्या नव्हत्या. मूत्राशय नीट रिकामे होत नसेल किंवा आधी अशीच शस्त्रक्रिया झालेली असेल, तर मात्र दाबाची तपासणी टाळू नये.