जितक्या गाई हिवाळ्यात पोसाल, तितक्याच वर

'स्विस खेड्यांची हिरवाई म्हणजे सरकारी अनुदान आणि पर्यटकांचा पैसा' हे मत मला अर्धंच पटलं. अनुदान आहेच, आणि भरपूर आहे. पण वालिस प्रांतातलं ट्योर्बेल घ्या. आपली मंडळी झरमॅट या पर्यटनस्थळाच्या गाडीत बसून श्टाल्डन स्टेशनवरून सरळ पुढे जातात. तिथूनच या गावाची बस डोंगर चढते. गावकऱ्यांनी १४८३ साली सामायिक कुरण-जंगलाचा लेखी करार केला आणि १५१७ साली नियम घातला: जितक्या गाई हिवाळ्यात घरच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात वरच्या कुरणावर सोडायच्या. बाहेरून गाई विकत आणून फुकट गवतावर चारायची सोयच नाही! दूध वर एकत्रच, आणि ज्याच्या गाईंचं जितकं दूध तितकं चीज त्याच्या वाट्याला. पर्यटन तेव्हा कुठे होतं?

मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी या गावाचा अभ्यास केला, आणि सामायिक मालमत्तेची नासाडी अटळ नसते हे सांगताना एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी (२००९चं अर्थशास्त्राचं नोबेल) त्याचाच दाखला दिला. मला मात्र तिथली लाकडी कोठारं जास्त लक्षात राहिली. उन्हाने काळी पडलेली, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर जात्याच्या तळीसारखा गोल, चपटा दगड. उंदीर खांब चढतो, पण दगडाच्या कडेला उलटं लटकून पुढे जाणं त्याला जमत नाही. धान्य सुरक्षित, मांजराचा खर्च वाचला.