वाळवणाचं कुरिअर: किती पैसे लावले तर रास्त?

नमस्कार मंडळी. प्रश्न हिशेबाचा आहे, पण जरा मनालाही लागलाय.

मी आणि सासूबाई कराडहून गव्हाच्या कुरडया, पापड, सांडगे व्हॉट्सअ‍ॅपवर विकतो. हे दुसरंच वर्ष. कुरडई ४८० रुपये किलो, कुरिअरचे सरसकट २०० घेते. गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका ताईंनी खोक्यावरच्या पावतीचा फोटो पाठवला. पावतीवर १४५ रुपये. खाली एकच ओळ: "कुरिअरमध्येही कमाई का?"

कमाई कसली! नवा खोका २८, बबल रॅप आणि टेप १४, रिक्षाचं भाडं त्या दिवशीच्या पार्सलांत वाटलं तर एकाला १५. म्हणजे ५७. त्यात १४५ मिळवले की २०२. दोन रुपये माझेच गेले. नागपूरला तर कुरिअरच २६० घेतं, तिथे ११७ चा खड्डा.

खरं दुखणं कुरडईच्या फुगीरपणाचं आहे. माल एक किलो, पण खोका ३५ × २५ × २० सेंटीमीटर. कुरिअरवाला तिन्ही मापं गुणून ५००० ने भागतो, साडेतीन किलो येतात आणि पैसे त्याचे लागतात. दाबून भरली तर पोचेपर्यंत चुरा. हे गिऱ्हाइकाला कसं समजवायचं?

खोका-टेपचे पैसे वेगळे दाखवू, की मालाच्या भावात घालू? आणि पुण्याच्या माणसाकडून जास्त घेऊन नागपूरची तूट भरणं बरोबर आहे का? मला ते पटत नाही, पण सरसकट दर म्हटला की तेच होतं.

प्रतिसाद १
खोका, टेप, रिक्षा सगळं भावात घाला. कुरडई ५४० करा आणि कुरिअर पावतीइतकंच घ्या. मग पावतीचा फोटो तुम्हीच पाठवा, विषयच मिटला. मी हातमागाच्या साड्या पाठवते, तीन दर ठेवलेत: जिल्ह्यात, महाराष्ट्रात, बाहेर. "मोफत डिलिव्हरी"वाले तरी काय करतात? भावातच मुरवतात.

प्रतिसाद २
जे काही घ्याल ते पैसे मागायच्या आधी सांगा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याने एकूण किंमत आणि तिची फोड, डिलिव्हरी आणि हाताळणीच्या खर्चासकट, दाखवायची असं आहे. शेवटच्या पायरीवर हळूच जादा पैसे लावणं २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या) मार्गदर्शक सूचनांत 'ड्रिप प्रायसिंग' म्हणून धरलंय. तुमचा धंदा घरगुती असला तरी ही सवय बरी.

प्रतिसाद ३
भाव नंतर ठरवा, आधी खोका बघा. साडेतीन किलोचे पैसे भरताच आहात, तर उरलेल्या जागेत माल घाला की! तळाशी पापडांच्या चवडी, कडेला सांडग्यांची पाकिटं, वर कुरडया. अडीच किलोचा 'वाळवण खोका' म्हणून विका. कुरिअर तेवढंच, गिऱ्हाइकाला किलोमागे स्वस्त. एकटी कुरडई मागणाऱ्यासाठी कुरडया जरा लहान पाडा. २५ × २५ × १४ च्या खोक्यात मावल्या तर पावणेदोन किलोच धरतील.

मूळ प्रश्नकर्ती
तिघांचेही आभार. लहान कुरडई म्हटल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की तो विषय पुढच्या उन्हाळ्यावर गेला. वाळवण खोका मात्र त्यांना पटलाय. पुण्याच्या ताईंना ५७ रुपयांचा हिशेब लिहून पाठवला, उत्तर नाही आलं अजून.

आता आणखी एक: वाटेत चुरा झाला म्हणून कुणी पैसे मागितले, तर नुसते मालाचे परत करता, की कुरिअरचेही?